मुलीचें नांव हजेरींतून पडूं देऊं नका

शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, एक साधा प्रश्न पुसतों. गोठ्यांतला बैल एके दिवशीं वैरणीस तोंड लावीत नाहीं, तर त्याच सांजेला घरधनी त्याच्या पाठीवरून हात फिरवितो, कान चांचपून पाहतो आणि दुसरे दिवशीं जनावरांच्या डॉक्टरास बोलावणें धाडतो. कळपांत एक शेळी कमी भरली तर धनगर बत्ती घेऊन रानांत शिरतो. आणि आपल्याच घरची बारा-तेरा वर्षांची पोर आठ दिवस शाळेंत गेली नाहीं, तर कोण विचारतो? गुरुजी हजेरीपटावर फुली मारतात. आई म्हणते, घरीं कामाला झाली. बाप म्हणतो, जाईल उद्यां. तो उद्यांचा दिवस उगवतच नाहीं. फुलीवर फुली पडते, मग नांवावर रेघ पडते आणि वर्षाच्या आंत दारापुढें मांडवाच्या मेढी रोवल्या जातात.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. मुलीचें लग्न मुहूर्ताच्या दिवशीं लागतें असें आपण समजतों. खरें पाहतां तिची शाळा सुटते त्याच दिवशीं तें लागूं लागतें. म्हणून ज्यास मुलीचें भलें करावयाचें आहे त्यानें अक्षता पडण्याच्या वेळीं धांवून कांहीं उपयोग नाहीं. त्यानें पहिल्या फुलीला धांवलें पाहिजे. हें धांवण्याचें काम एकट्या मास्तराच्यानें होणार नाहीं, सरकारच्या परिपत्रकानेंही होणार नाहीं. त्यास मुलीच्या मैत्रिणी पाहिजेत, गांवांतली एक शहाणी बाई पाहिजे आणि पाठीशीं आपण पाहिजे.

हा प्रश्न किती घरांचा आहे तें आधीं पाहूं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ सालीं झाली. त्या पाहणींत २० ते २४ वर्षांच्या ज्या बायांस विचारलें, त्यांपैकीं महाराष्ट्रांत शेंकडा २१.९ जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें होतें. त्यापूर्वींच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणींत हाच आंकडा २६.३ होता. थोडा उतार पडला ही बरी गोष्ट. पण साऱ्या राज्याच्या सरासरीनें कोणीं फसूं नये. त्याच पाहणींत बीड जिल्ह्याचा आंकडा ४३.७ आणि परभणीचा ४८ निघाला. परभणीकडच्या दर दोन लेकींपैकीं जवळजवळ एकीच्या गळ्यांत, तिला मत देण्याचा हक्क मिळण्यापूर्वींच मंगळसूत्र पडलें, असा त्याचा अर्थ. यांत मोठ्या वाड्यांतल्या मुली किती असतील आणि कुडाच्या घरांतल्या किती असतील, हें आम्हीं सांगावयास नको.

कोणी म्हणेल, कायदा करा. कायदा आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे; मुलीस १८ आणि मुलास २१ वर्षें पुरीं पाहिजेत असें तो सांगतो. कोणी म्हणेल, फी माफ करा. महाराष्ट्रांत मुलींस बारावीपर्यंत फी माफ आहे. कोणी म्हणेल, शाळा लांब आहे, गाडीभाडें द्या. खेड्यांतल्या मुलींस अहिल्याबाई होळकर यांच्या नांवाच्या योजनेंत एस्टीचा पास फुकट मिळतो. फी नाहीं, भाडें नाहीं, कायदा हाताशीं आहे. मग पोर चुलीपुढें कां बसली आहे?

तिचा रस्ता कसा तुटतो तें नीट पाहा. गांवची शाळा चौथीपर्यंत, फार झालें तर सातवी-आठवीपर्यंत. पुढची शाळा दोन कोसांवर. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांस लागूं. म्हणजे मुलीच्या जिवाला खरा घोर लागण्याचें जें वय, त्याच वयाच्या उंबऱ्यावर तो कायदा हात सोडतो. याच सुमारास पोरीस पाळी येते. शाळेंत पाण्याची सोय असली तर संडासास दार नसतें, दार असलें तर कडी नसते. मग महिन्यांतून चार दिवस घरीं. मागची गणितें कळेनाशीं होतात. गुरुजी चार पोरांदेखत बोलतात. एस्टीच्या थांब्यावर दोन टवाळ पोरें कांहींबाहीं बोलतात. तें घरीं सांगावें तर शाळाच बंद होईल, या भीतीनें ती सांगत नाहीं. आणि न सांगतां जाववत नाहीं. कापूस वेंचणीला आई निघाली कीं लहान भावंड हिच्याच कडेवर. अशा दहा बारीक गोष्टी मिळून तिची शाळा सुटते. यांतली एकही अशी नाहीं कीं वेळीं कोणी शेजारीं उभें राहिलें असतें तर सुटली नसती. दुःख इतकेंच कीं शेजारीं कोणी नसतें.

ऊसतोड करणाऱ्यांच्या घरांत पेंच याहून अवघड आहे. बीडकडची माणसें दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोर म्हणजे अर्धा कोयता. त्याचें लग्न झालें कीं पुरा. तेव्हां पोराच्या घरास हंगामाआधीं सून पाहिजे असते. पोरीच्या घरास दुसरी काळजी: मागें ठेवावी तर कोणाच्या भरंवशावर, बरोबर न्यावी तर फडावरच्या खोपींत आडोसा नाहीं. दोन्हीं घरांची नड एकाच मांडवांत भागते, आणि जिच्या जिवावर भागते तिला कोणी पुसत नाहीं. त्या बापास आम्हीं कसाई म्हणणार नाहीं. तो अडलेला आहे, भ्यालेला आहे. पण भ्यालेल्या माणसास नुसता उपदेश करून काय होणार? पोर मागें राहिली तर ती कोठें राहील, कोणाच्या नजरेखालीं राहील, तिच्यावर प्रसंग आला तर कोण धांवेल, याचें उत्तर त्याला दिलें पाहिजे.

तें उत्तर तीन गोष्टींचें मिळून होतें असें आम्हांस दिसतें: शाळेंत मुलींचें मंडळ, त्या मंडळांत जगण्याच्या कामाचें शिक्षण आणि मुलीच्या पाठीशीं एक ताई. हल्लीं सरकारी कागदांत यांस मंच, जीवनकौशल्यें आणि मार्गदर्शन अशीं नांवें आहेत. नांव कोणतेंही असो. वस्तु ओळखून घ्या.

मंडळ म्हणजे काय? आपल्या बायांचा बचत गट जसा असतो तशी पोरींची बैठक. आठवड्यांतून एक दिवस, शाळेच्या वेळांतच, पंधरा-वीस मुली गोल बसतात, बोलतात, ठरवितात. महाराष्ट्रांतल्या कितीएक शाळांत ‘मीना-राजू मंच’ या नांवानें असें मंडळ आहे. ही मीना युनिसेफनें १९९० नंतरच्या दशकांत दक्षिण आशियांतल्या मुलींकरितां उभी केलेली चित्रांतली पोर. राजू तिचा भाऊ, मिठू त्यांचा पोपट. तिची एक गोष्ट घरोघर सांगण्याजोगी आहे. मीनेस शाळेंत धाडीत नाहींत, राजूस धाडतात. ती पोपटास शाळेच्या खिडकींत बसवून त्याच्याकडून अंक शिकून घेते. एके दिवशीं ती घरच्या कोंबड्या मोजते, एक कमी भरते, ती ओरडते आणि चोर सांपडतो. मग बापाच्या ध्यानांत येतें कीं मोजतां येणारी पोर घराचा तोटा वांचविते. गोष्ट लहान मुलांची आहे. पण ज्या घरांत कापूस वजनकाट्यावर जातो आणि उचल मुकादमाच्या वहींत लिहिली जाते, त्या घराला ती चांगलीच लागूं आहे.

आतां जीवनकौशल्यें. शब्द नवा आहे, गरज जुनी आहे. पुस्तकांतला धडा म्हणून दाखविणें एक. आणि भर एस्टींत कंडक्टरास “सुट्टे पैसे परत द्या” म्हणून ठणकावणें दुसरें. पहिलें शाळा शिकविते, दुसरें कोणीच शिकवीत नाहीं. मुलीस बोलतां आलें पाहिजे. नको असेल तें “नको” म्हणतां आलें पाहिजे, आणि तें बापाच्या पायांशीं बसून, त्याचा मान राखून, पण न डगमगतां म्हणतां आलें पाहिजे. आपल्या देहाचें ज्ञान तिला पाहिजे. पाळी म्हणजे विटाळ नव्हे, शरीराचा धर्म आहे, अंगांत रक्त कमी कां होतें, लहान वयांत बाळंतपण जिवावर कां बेततें, हें तिला लग्नाआधीं कळलें पाहिजे. पासाचा अर्ज, बँकेचें पुस्तक, औषधाच्या बाटलीवरची तारीख, सात-बाराचा उतारा तिला वाचतां आला पाहिजे. हातांत फोन आला आहे, तेव्हां फोनवर गोड बोलणारा अनोळखी माणूस कोण, त्यास फोटो कां धाडूं नये, हेंही तिला कळलें पाहिजे. आणि अडचण आली तर कोणत्या दारीं जावयाचें, तें पाठ असलें पाहिजे. या शिक्षणास इमारत लागत नाहीं. बोलण्याची सवय बोलूनच होते. पंधरा मैत्रिणींपुढें दहा वेळां उभी राहिलेली पोर अकराव्या वेळीं सरपंचापुढें उभी राहते.

ही कांहीं परदेशांतून आणलेली नवलाई नाहीं. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजांतल्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. ज्या जातीच्या माणसास रस्त्यानें धड चालूं देत नव्हते, त्या जातीची पोर साऱ्या समाजास जाब विचारते! हें नुसतीं बाराखडी घोकल्यानें होत नाहीं. तुला जें दिसतें तें बोल, तुला जें सलतें तें लिही, असें पाठीवर हात ठेवून कोणी म्हणावें लागतें. त्या शाळेनें अक्षरांबरोबर तोंडही दिलें. आज गांवोगांव शाळा आहेत, अक्षरें आहेत. तोंड देण्याचें काम मात्र मागें पडलें आहे.

तिसरी गोष्ट ताई. आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. मंडळ आठवड्यांतून एकदां भरतें. पोरीचें दुःख वार पाहून येत नाहीं. तिच्या वस्तींतच अशी एक बाई पाहिजे, जिच्या दारीं ती केव्हांही जाऊं शकेल. ही बाई शहरांतून मोटारींत बसून येणारी नको. व्याख्यान देऊन, हार घेऊन, फोटो काढून जाणाऱ्यांनीं आमच्या मुलींचें आजवर कांहीं भलें केलें नाहीं. ताई गांवचीच पाहिजे: अंगणवाडीची बाई असेल, आशा असेल, बचत गटाची अध्यक्ष असेल, नाहींतर दहावी-बारावी होऊन सासरीं आलेली एखादी सून असेल. जिनें स्वतः शेणगोळा करून अभ्यास केला, तिला पोरीची अडचण समजावून सांगावी लागत नाहीं. एका ताईकडे पांच-सहा मुली असाव्या, अधिक नकोत. तिनें महिन्यांतून एकदां प्रत्येकीच्या घरीं जावें, आईशीं बोलावें, बापाशींही बोलावें. मुलीनें विश्वासानें सांगितलेलें चावडीवर नेऊं नये. मात्र पोरीच्या अंगास कोणी वाईट हात लावला असें कळलें, तर तें पोटांत ठेवण्याचा अधिकार तिला नाहीं, मग तो माणूस नात्यांतला असो कीं शाळेंतला. त्यासाठीं २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि मुलांच्या मदतीस १०९८ हा फोन आहे. हा आंकडा प्रत्येक घराच्या दारामागें खडूनें लिहून ठेवण्यासारखा आहे.

हें होतें का, असें विचाराल तर आपल्याच मुलखांतला दाखला देतों. पैठण तालुक्यांत पाचोड म्हणून गांव आहे. तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेनें आसपासच्या गांवांतल्या १२ ते १८ वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुलींसाठीं वर्ग काढले. त्यांत शाळा सुटलेल्या आणि कामावर जाणाऱ्या मुलींकडे विशेष लक्ष दिलें. वर्ग सांजवेळीं, रोज एक तास, वर्षभर. शिकविणाऱ्या कोण? गांवच्याच बाया, सातवीपर्यंत शिकलेली बाईही चाले, तिला आधीं तयार करीत. परिणाम काय झाला? त्या गांवांत १९९७ सालीं मुलींच्या लग्नाचें मध्यम वय १६ होतें, म्हणजे निम्म्या मुली सोळाव्या वर्षापर्यंतच बोहल्यावर चढत. २००१ पर्यंत तें १७ झालें. कोणी नाक मुरडून म्हणेल, एका वर्षानें काय होतें? शेतकऱ्यास एका वर्षाची किंमत विचारा. एक वर्ष म्हणजे एक इयत्ता. एक वर्ष म्हणजे हाडांत बळ. आणि चार वर्षांत जर गांवची रीत एका वर्षानें हलते, तर ती हलवितां येते हें सिद्ध झालें. पिढ्यान्‌पिढ्या जी हलतच नाहीं म्हणून आपण कपाळास हात लावीत होतों, ती सातवी शिकलेल्या बायांनीं हलविली.

आतां कडू बोलतों. पुष्कळ शाळांत मंच कागदावर आहे. फळ्यावर रंगानें नांव आहे, वहींत सभेचीं टिपणें आहेत, अधिकारी आला म्हणजे चार पोरींस रांगेंत उभें करून गाणें म्हणवितात. पोरींस विचारा, शेवटची बैठक केव्हां झाली? त्या एकमेकींकडे पाहतात. यांत सारा दोष गुरुजींचा नाहीं. त्यांच्या डोक्यावर शिकविण्याखेरीज माहिती भरण्याचीं शंभर कामें आहेत. पण मंडळ खरें कीं खोटें हें ओळखण्याची खूण सोपी आहे. एखादी मुलगी तीन दिवस शाळेंत आली नाहीं, तर चौथ्या दिवशीं तिच्या घरीं कोण गेलें? मंडळाच्या दोन मुली आणि ताई गेल्या असतील, तर तें मंडळ जिवंत आहे. कोणी गेलें नसेल, तर भिंतीवरचा रंग पुसून टाका. चुना तरी वांचेल.

या खऱ्या मंडळास वर्षभर पुरेल एवढें काम आहे. श्रावण-भाद्रपदांतच यादी करावी कीं यंदा कोणकोणत्या घरचीं माणसें ऊसतोडीस जाणार, आणि त्यांच्या मुली कोठें राहणार. आजी असेल तर आजीजवळ, नसेल तर हंगामी वसतिगृहांत. शेजारची ताई रोज सांजेला डोकावेल असें बापास आधींच सांगावें. नववीच्या प्रवेशाचा आणि पासाचा अर्ज आठवीच्या मुलींकडून उन्हाळ्याच्या सुटीआधींच भरून घ्यावा. थांब्यावर टवाळी होत असेल तर मुलींनीं घोळक्यानें जावें आणि ताईनें त्या पोरांच्या आयांस गांठावें. एकादी गणितांत मागें पडली तर वरच्या वर्गांतलीनें तिला अर्धा तास शिकवावें. आणि प्रत्येक मुलीनें आपल्या घरचा महिन्याचा हिशेब मांडावा: उचल किती घेतली, किती टन तोडला, किती फिटली, व्याज किती. ज्या दिवशीं मुकादमाची वही आणि पोरीची वही समोरासमोर ठेवली जाईल, त्या दिवशीं बापास कळेल कीं ही परक्याचें धन नव्हे, घरचा कारभारी आहे.

राजूसही सोडूं नका. बहीण पाणी भरते, भांडीं घासते, भावंड सांभाळते आणि मग शाळेंत जाते. भाऊ उठून डोकीस तेल लावून जातो. मग पोर अभ्यासांत मागें पडली तर नवल काय? मंडळांत मुलगेही बसले पाहिजेत, आणि घरीं हंडा उचलण्यास त्यांचेही हात लागले पाहिजेत. थांब्यावर शीळ घालणारा पोर कोणाच्या तरी घरचा राजूच असतो. बहिणीची शाळा वांचवावयाची असेल तर भावाचीही खोड मोडली पाहिजे.

आतां आमच्याच लोकांचे आक्षेप घेऊं. पहिला: “पोरी बोलूं लागल्या कीं तोंड वर करतील.” करूं द्या. खालीं घातलेल्या तोंडांनीं आजवर आपल्या घरांचें काय भलें झालें? दुसरा: “शिकली कीं शिकलेला नवरा पाहावा लागतो, हुंडा वाढतो.” हें दुखणें खरें आहे, खोटें म्हणून उडवून लावणार नाहीं. पण १९६१ पासून हुंडा देणें-घेणें गुन्हा आहे, आणि तो हुंडा लहान पोरीच्या लग्नांतही घेतातच. पोर लवकर उजवून कर्ज चुकत नाहीं. फक्त लवकर होतें. त्या पैशांतून तिला नर्सिंग, शिवणकाम, संगणक, काय जमेल तें शिकवा. कमावती लेक उद्यां पडत्या काळांत माहेरास आणि सासरास दोन्हींस आधार होते. तिसरा आक्षेप कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, पण मनांत सगळ्यांच्या असतो: “वयांत आलेली पोर कोणाबरोबर निघून गेली तर?” या भीतीपायींच निम्मीं लग्नें उरकलीं जातात, असें गांवांत फिरणारा कोणीही सांगेल. आमचा उलट प्रश्न असा: जिला घरांत बोलण्याची चोरी आहे, बाहेर मैत्रीण नाहीं, मनांतलें सांगावें अशी ताई नाहीं, ती पोर पहिल्या गोड बोलणाऱ्यास भुलेल, कीं जिला हें सारें आहे ती? कोंडलेली वासरी दार उघडलें कीं उधळते. पहारा वाढवून अब्रू राखतां येत नाहीं. पोरीस शहाणी करून राखतां येते.

सरकारासही मोकळें सोडीत नाहीं. दुर्बळ घटकांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलींस १९९२ सालीं हजेरीबद्दल रोज १ रुपया भत्ता सुरू झाला, तेव्हां त्या रुपयास किंमत होती. रुपयाच्या भरंवशावर आज कोणाची पोर शाळेंत टिकणार? २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें काढण्याचें ठरलें. आपल्या तालुक्यांतलें कोठें आहे, तेथें जागा किती, मुलींच्या वसतिगृहास भिंत आणि रखवालदारीण आहे का, हें ज्याच्या त्याच्या आमदारास विचारा. ताईचें काम करणाऱ्या बाईस मानधन मिळालें पाहिजे. गरीब बाईच्या फुकट श्रमावर गरीब पोरींचा उद्धार करावा, हा न्याय नव्हे. हंगामी वसतिगृहें हंगाम सुरू होण्याआधीं उघडलीं पाहिजेत. माणसें फडावर गेल्यावर तीं उघडून काय करावयाचीं?

कायद्याचें बळही ठाऊक असूं द्या. लहान मुलीचें लग्न लावणारा, जमविणारा आणि होऊं देणारा असे सारे २००६ च्या कायद्यानें दोषी. २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. यांत मंत्र म्हणणारा भटजी आला, संमति देणारा बापही आला. बाईस मात्र कैदेची शिक्षा नाहीं. मांडववाल्यानें आणि वाजंत्रीवाल्यानेंही वधूच्या जन्मतारखेचा दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घेऊं नये. खेड्यांत हें लग्न थांबविण्याचा अधिकार ग्रामसेवकास, म्हणजे हल्लीं ज्यास ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यास, दिलेला आहे. लग्न होऊन गेलें तरीही ती मुलगी सज्ञान झाल्यावर २ वर्षांच्या आंत कोर्टांत जाऊन तें रद्द करून घेऊं शकते. पण पोलीस मांडवांत आले म्हणजे बैल गेला आणि झोपा केला अशी गत होते. लग्न थांबतें, पण चारचौघांत नाचक्की होते, आणि पोरीवरचा राग घरांत कोंडून राहतो. कधीं कधीं चार महिन्यांनीं दुसऱ्या गांवीं नेऊन गुपचूप तेंच करतात. कायदा शेवटचा बांध आहे. पाणी वरच्या वावरांतच अडविलें पाहिजे.

शेवटीं, आजच करतां येण्यासारखें एक काम सांगतों. प्रत्येक सरकारी शाळेस शाळा व्यवस्थापन समिति असते. २००९ च्या कायद्यानें त्या समितींत चारांतले तीन सभासद आईबाप असले पाहिजेत, आणि एकूण निम्म्या बाया पाहिजेत. म्हणजे ती समिति आपली आहे. आपणच तिच्याकडे पाठ फिरविली आहे. येत्या सभेस एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, पण जा. शक्यतों आईनें जावें. आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेंत मुलींचें मंडळ आहे काय, आणि तें शेवटचें केव्हां भरलें? गेल्या महिन्यांत कोणकोणत्या मुली तीन दिवसांहून अधिक गैरहजर होत्या, आणि त्यांच्या घरीं कोण गेलें? त्यांतल्या प्रत्येकीची ताई कोण? पहिल्या सभेंत उत्तरें मिळणार नाहींत. हजेरीपट मागून घ्या, फुल्या मोजा, नांवें लिहून घ्या आणि दुसऱ्या सभेसही जा. ज्या गांवांत हे तीन प्रश्न दर महिन्यास विचारले जातील, त्या गांवांतल्या पोरीचें नांव गुपचूप पुसलें जाणार नाहीं.